सरंजाम आणि सार्वभौमत्व : दादरा व नगर-हवेलीच्या खटल्याचा एक विचार

हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १२ एप्रिल १९६० रोजी पोर्तुगाल विरुद्ध भारत ह्या खटल्याचा अंतिम निकाल दिला. दमणच्या किनाऱ्यापासून आत असलेल्या दादरा व नगर-हवेली ह्या दोन मुलुखांकडे भारतीय प्रदेशातून जाण्या-येण्याचा हक्क पोर्तुगालला आहे किंवा नाही, एवढाच ह्या खटल्याचा विषय होता. विषय लहान, मुलूख त्याहून लहान. परंतु इतिहासाच्या व राज्यशास्त्राच्या अभ्यासकास ह्या निकालपत्रात जे सापडते ते मोठमोठ्या तहनाम्यांत क्वचितच सापडते. राज्यसत्ता म्हणजे काय, ती कोणत्या शब्दांनी दिली जाते, न देताही ती कशी जाते, ह्या प्रश्नांची तपासणी न्यायमूर्तींना पेशवेकालीन एका महसुली शब्दाच्या अर्थापासून सुरू करावी लागली. तो शब्द म्हणजे 'सरंजाम'.

ह्या खटल्याची चर्चा बहुधा दोन अंगांनी होत आलेली आहे. आंतरराष्ट्रीय कायद्याचे अभ्यासक त्यातून 'दोन राष्ट्रांपुरती स्थानिक रूढी' हे सूत्र उचलतात आणि पुढे जातात. गोमंतकाच्या मुक्तिसंग्रामाचे लेखक १९५४ च्या जुलै-ऑगस्टमधील घडामोडींपाशी थांबतात. ह्या दोहोंच्या मध्ये जो एकशे सत्तर वर्षांचा इतिहास आहे, त्याकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही. मराठ्यांनी पोर्तुगीजांना जे कधी दिलेच नव्हते, ते त्यांना मिळाले कसे, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. आमच्या मते त्याचे उत्तर पुण्याच्या दरबारात नसून मुंबई सरकारच्या मौनात आहे.

सार्वभौमत्वाची पाश्चात्त्य कल्पना अभ्यासकांस परिचित असल्याने तिचा विस्तार येथे करीत नाही. बोदँने १५७६ मध्ये ती अविभाज्य व चिरंतन अशी मांडली, आणि वेस्टफालियाच्या १६४८ च्या तहांनंतरच्या युरोपात हळूहळू असा समज रूढ झाला की भूमीच्या प्रत्येक तुकड्यावर एक आणि एकच सार्वभौम असतो. एकाची हद्द जेथे संपते तेथेच दुसऱ्याची सुरू होते. अठराव्या शतकातील हिंदुस्थानात ही समजूत लावू गेल्यास पदोपदी अडचण येते. एकाच गावावर निजामाचा व मराठ्यांचा असा दुहेरी अंमल असे, आणि अशा दुअंमली मुलुखाचे कोणास आश्चर्यही वाटत नसे. बाळाजी विश्वनाथाने १७१९ साली दिल्लीहून ज्या सनदा आणल्या त्यांत चौथाई व सरदेशमुखी यांच्या जोडीला 'स्वराज्या'चीही सनद होती. स्वतःच्या राज्याची सनद दुसऱ्याकडून घ्यावी हे बोदँच्या शिष्यास विसंगत वाटेल. शाहूच्या दरबारास ते तसे वाटले नाही. पेशव्यांच्या वर छत्रपती, आणि कागदोपत्री त्यांच्याही वर बादशहा, अशी ही उतरंड होती. सत्तेचे अनेक पदर एकाच भूमीवर एकावर एक पसरलेले असत आणि कोणता पदर कोणाचा हे सनदेतील शब्दांवरून ठरे. म्हणूनच शब्दांना महत्त्व.

दमणचा परिसर तर ह्या बाबतीत विशेषच बोलका आहे. पोर्तुगीजांनी दमण १५५९ मध्ये घेतले. परंतु लगतच्या रामनगरच्या कोळी राजास त्या भागातील गावांच्या उत्पन्नाचा काही हिस्सा ते देत असत. मराठ्यांच्या चौथाईचे मूळ ह्याच देण्यात आहे असे मत सुरेंद्रनाथ सेन यांनी मांडले होते. १६७२ मध्ये मराठी फौजांनी रामनगर घेतल्यावर शिवाजी महाराजांनी पोर्तुगीजांकडे हीच चौथाई मागितली, हे तर प्रसिद्धच आहे. म्हणजे समुद्रावर इतरांच्या जहाजांना परवाने घ्यावयास लावणारे, आपल्या स्वामित्वाविषयी अत्यंत दक्ष असणारे पोर्तुगीज राज्य ह्या कोपऱ्यात मात्र शेजाऱ्याचा हिस्सा शतकभर मान्य करीत होते. उत्पन्नाचा हक्क एक आणि भूमीचे स्वामित्व दुसरे, हा भेद पोर्तुगीजांना अपरिचित होता असे म्हणता येणार नाही. ज्या सीमेवर त्यांनी देणेकरी म्हणून तो भेद अनुभवला, त्याच सीमेवर पुढे घेणेकरी म्हणून तो विसरण्यात त्यांना सोय वाटली.

वसई १७३९ मध्ये पडल्यावर उत्तर कोकणातील पोर्तुगीज सत्तेपैकी दमणच काय ते उरले. पुढील चाळीस वर्षांत दोन्ही दरबारांतील संबंध कधी कडू, कधी गोड असे राहिले. १७७९ सालची परिस्थिती ध्यानात घेतली म्हणजे त्या वर्षीच्या तहाचा हेतू स्पष्ट होतो. राघोबादादाचा पक्ष घेऊन इंग्रज युद्धात उतरले होते. त्या वर्षीच्या जानेवारीत वडगाव येथे त्यांची फजिती झाली होती, परंतु युद्ध संपलेले नव्हते. गादीवर सवाई माधवराव हे पाच वर्षांचे बालक, आणि कारभार नाना फडणिसांच्या हाती. अशा वेळी गोवेकर फिरंगी इंग्रजांना मिळू नये, एवढीच पुण्याची गरज होती. त्या गरजेची किंमत तहाच्या सतराव्या कलमात आहे : दमणच्या बाजूस बारा हजार रुपये उत्पन्नाची जहागीर नेमून द्यावयाची. प्रत्यक्ष गावे लावून देण्याच्या सनदा मात्र १७८३ व १७८५ मध्ये निघाल्या. सालबाईचा तह १७८२ च्या मे महिन्यात होऊन इंग्रजांशी युद्ध मिटल्यानंतर त्या निघाल्या, ही गोष्ट नजरेआड करू नये. गरज तीव्र होती तोपर्यंत वचन दिले गेले, आणि ती ओसरल्यावर वचनाची मोजून फेड झाली. नानांच्या कारभाराची शैली ज्यांना ठाऊक आहे त्यांना ह्यात नवल वाटणार नाही. मराठी आरमाराने 'सांताना' नावाच्या पोर्तुगीज जहाजाचे नुकसान केले, त्याची भरपाई म्हणून नगर-हवेली दिली, असेही माहितीपर पुस्तकांतून सांगितले जाते. ते खरे धरले तरी भरपाई कोणत्या रूपाने दिली हा प्रश्न शिल्लक राहतोच.

हे रूप सरंजामाचे होते. सरंजाम म्हणजे चाकरीच्या किंवा फौजेच्या खर्चासाठी अमुक गावांचा महसूल अमुक व्यक्तीकडे लावून देणे. जातीसरंजाम धारकाच्या निर्वाहासाठी, फौजसरंजाम पथकाच्या खर्चासाठी. इनामाच्या सनदेत जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप असे सर्व काही वंशपरंपरेने दिल्याचे शब्द येतात; सरंजामात तसे नसते. सरंजाम सरकारच्या मर्जीने चाले, सरकारच्या मर्जीने जप्त होई, धारक मेला की वारसाच्या नावे नव्याने करून द्यावा लागे आणि त्या वेळी नजर घेतली जाई. येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. सरंजामदार म्हणजे केवळ वसुलाचा ठेकेदार नव्हे. तो आपल्या गावांत कमाविसदार नेमी, तंटे तोडी, गुन्हेगारांस शासन करी. पटवर्धनांसारख्या मोठ्या सरंजामदारांचा आपल्या मुलुखावरील अंमल पाहिला तर परकी प्रवाशास ते राजेच वाटावेत. परंतु पटवर्धन सार्वभौम होते असे कोणी म्हटलेले नाही. अंमल होता, स्वामित्व नव्हते. तेव्हा सनदेनंतर पोर्तुगीज अधिकारी त्या गावांत राज्यकारभार पाहू लागले, एवढ्यावरून सार्वभौमत्व सिद्ध होत नाही. कारण सरंजामदारानेही तेच केले असते.

मराठ्यांना मुलूख कायमचा तोडून देण्याचे शब्द ठाऊक नव्हते काय? तसे म्हणावयास आधार नाही. पुरंदरच्या १७७६ च्या तहात भडोच इंग्रजांना कायमचे दिले गेले. सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडे राहिली. पुढे वसईच्या तहात दुसऱ्या बाजीरावाने सव्वीस लाखांचा मुलूख कंपनीस तोडून दिला तेव्हा तो कायमचा दिल्याचे स्पष्ट लिहिले गेले. ज्या दरबाराला दोन्ही प्रकार माहीत होते त्याने १७८३ साली सरंजामाचा शब्द वापरला, तो विचारपूर्वकच वापरला असे मानणे भाग आहे. शिवाय परदेशी टोपीकरांस जमिनीत पाय रोवू देण्याविषयीची धास्ती मराठी राजनीतीत जुनी होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात हे सावकार इतर सावकारांसारखे नव्हेत, त्यांच्या पाठीमागे राजे आहेत, असा इशारा दिलेला आहे, आणि त्यांना खाडीच्या तोंडाशी जागा देऊ नये असे बजावले आहे. ह्या परंपरेतील मुत्सद्दी दमणच्या वेशीवर, पूर्वीच्या शत्रूस, युद्धात न हरता मुलूखच्या मुलूख तोडून देतील हे संभवनीय नाही.

तरीसुद्धा पुण्याच्या मुत्सद्द्यांकडून एक गोष्ट सुटली असे आम्हास वाटते. सरंजामावरील सरकारचे स्वामित्व नित्य दिसत नसे. ते दिसे धारकाच्या मृत्यूच्या वेळी. वारसाने अर्ज करावा, नजर भरावी, नवी सनद घ्यावी, ह्या विधीत दर पिढीस मूळ मालक कोण ह्याची आठवण होई. परंतु येथे धारक व्यक्ती नसून राज्य होते, आणि राज्य मरत नाही. गोव्याचे गव्हर्नर आले आणि गेले. सनद नव्याने घेण्याचा प्रसंग कधीच आला नाही. व्यक्तीसाठी घडविलेले साधन एका चिरंजीव संस्थेच्या हाती दिल्याने त्यातील स्मरणाची कळच निकामी झाली. हाच दोष ह्याहून फार मोठ्या प्रमाणावर दुसरीकडे घडून चुकला होता. शाहआलमने १७६५ मध्ये कंपनीस बंगालची दिवाणी दिली, तीही नावाने महसुलाचीच देणगी होती. तिचे पुढे काय झाले हे सांगावयास नकोच. १८१३ च्या सनदी कायद्याने तर त्या सर्व मुलुखावर ब्रिटिश राजमुकुटाचे निर्विवाद सार्वभौमत्व असल्याचे जाहीर केले.

पेशवाई १८१८ मध्ये बुडाली आणि दमणच्या आसपासचा मराठी मुलूख कंपनीकडे आला. न्यायशास्त्राच्या दृष्टीने पाहता पेशव्यांचे जे होते तेच कंपनीस मिळाले. त्यात ह्या गावांवरील मूळ स्वामित्वही आले. कंपनीने पुण्याच्या दप्तरखान्याची झडती घेऊन हा हक्क बजावला असता तर १९५४ चा प्रश्नच उद्भवला नसता. तसे झाले नाही. आणि हे जेव्हा झाले नाही, त्याच काळात देशी सरंजामदारांच्या बाबतीत मुंबई सरकार काय करीत होते हे पाहिले म्हणजे मन खिन्न होते. दक्षिण महाराष्ट्रातील इनामांची चौकशी सुरू झाली. १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले. पिढ्यान्‌पिढ्यांच्या सनदा तपासून, शब्द न् शब्द पिंजून, हजारो धारकांना आपला हक्क सिद्ध करण्यास भाग पाडण्यात आले. सरंजाम ही वंशपरंपरेची मालमत्ता नव्हे, ती सरकारच्या इच्छेवर चालते, हे तत्त्व इंग्रज अधिकाऱ्यांइतके कठोरपणे कोणी प्रतिपादिले नसेल. तेच अधिकारी सिल्वासाकडे पाहताना मात्र सरंजाम हा शब्दच विसरले. तेथे त्यांना दिसला तो पोर्तुगालचा प्रदेश.

ह्याचे कारण केवळ अज्ञान नव्हे. पोर्तुगाल हा इंग्लंडचा शतकानुशतकांचा मित्र. नेपोलियनच्या युद्धकाळात गोव्यात ब्रिटिश फौज ठाण मांडून होती आणि ती पुढे सन्मानाने काढून घेण्यात आली. युरोपातील मित्राशी बहात्तर खेड्यांसाठी भांडण्यात लंडनला स्वारस्य नव्हते. त्यातही, युरोपीय सत्तेने आशियात धरलेली भूमी ही तिच्या सार्वभौमत्वाखालीच असणार, हा त्या काळचा गृहीत विचार होता. कंपनीने स्वतःच्या दिवाणीकडे ज्या नजरेने पाहिले त्याच नजरेने तिने पोर्तुगीजांच्या सरंजामाकडे पाहिले. सत्तेची समता असलेल्या राष्ट्रांत एक कायदा आणि जिंकलेल्यांसाठी दुसरा, असे हे दुहेरी माप होते. आंतरराष्ट्रीय संबंधांतील 'मान्यता' ह्या संज्ञेचा व्यवहार ह्याहून उघडा क्वचितच पाहावयास मिळतो.

परंतु मित्रावरील ह्या मेहेरबानीस एक मर्यादा होती, आणि ती शस्त्राची होती. २६ डिसेंबर १८७८ रोजी इंग्लंड व पोर्तुगाल यांच्यात जो तह झाला तो मुख्यतः जकात, मीठ व मार्मागोव्याचे बंदर-रेल्वे यांविषयीचा होता. त्यातच असे कलम होते की एका सरकारची सशस्त्र दले दुसऱ्याच्या हिंदुस्थानातील मुलुखात, ठरविलेले प्रसंग सोडून, रीतसर विनंती केल्याशिवाय शिरू नयेत. १८९० मध्ये मुंबई सरकारने तक्रार केली की पोर्तुगीजांचे हत्यारबंद लोक दमणहून नगर-हवेलीस जाताना विनंती न करताच ब्रिटिश हद्दीतून जातात. त्यावर गोव्याच्या गव्हर्नर-जनरलने उत्तर पाठविले की पोर्तुगीज सैन्य पूर्वपरवानगीवाचून ब्रिटिश हद्द कधीच ओलांडीत नाही. हे उत्तर त्या वेळी एक नित्याचा सरकारी खुलासा म्हणून लिहिले गेले असेल. सत्तर वर्षांनी तेच पोर्तुगालच्या विरुद्ध पुरावा म्हणून उभे राहिले. १९१३, १९२० व १९४० च्या करारांत हीच पद्धत पुढे चालली. शेवटच्या करारात दहापर्यंतच्या पोलीस तुकडीस नुसती सूचना पुरेशी मानली, त्याहून मोठीस मात्र आधी संमती.

स्वातंत्र्यानंतरच्या घडामोडी थोडक्यात सांगतो. लिस्बनच्या सरकारने १९५१ मध्ये राज्यघटना बदलून वसाहतींना 'सागरपार प्रांत' असे नाव दिले. म्हणजे वाटाघाटीचा विषयच नाहीसा केला. १९५४ च्या २१-२२ जुलैस दादऱ्यातील पोर्तुगीज अंमल उलथला. आझाद गोमंतक दल व इतर स्वयंसेवक नगर-हवेलीत शिरले आणि २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले. त्याच सुमारास भारत सरकारने दमणहून आत जाणारी वाट बंद केली. पोर्तुगालचे म्हणणे असे की वाट बंद केली नसती तर आम्ही बंड मोडून काढले असते. १४ डिसेंबर १९५५ रोजी पोर्तुगालला संयुक्त राष्ट्रसंघाचे सभासदत्व मिळाले, १९ डिसेंबरला त्याने न्यायालयाचे अधिकारक्षेत्र मान्य केल्याची घोषणा केली, आणि २२ डिसेंबरला दावा दाखल केला. घोषणेची प्रत भारताच्या हाती पडण्यापूर्वीच भारत प्रतिवादी झाला होता. ह्या घाईस भारताने हरकत घेतली; १९५७ च्या निकालाने सहांपैकी चार हरकती फेटाळल्या गेल्या आणि दोन मुख्य सुनावणीसाठी राखून ठेवल्या. त्यांपैकी एक मोठी मार्मिक होती. भारताने अधिकारक्षेत्र मान्य केले होते ते ५ फेब्रुवारी १९३० नंतरच्या वादांपुरते. आणि हा वाद तर १७७९ पासूनचा! न्यायालयाने अकरा विरुद्ध चार मतांनी ठरविले की हक्काचे मूळ जुने असले तरी वाद १९५४ चाच आहे.

भारताची बाजू महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड यांनी मांडली. भारताने नेमलेले न्यायाधीश म्हणून महंमद करीम छागला न्यायासनावर होते. मुंबईच्या न्यायक्षेत्रात वाढलेल्या ह्या दोघांना सरंजामाचा कायदा नवा नव्हता. १९५२ मध्येच मुंबई सरकारने सरंजाम, जहागिरी व राजकीय स्वरूपाची इतर इनामे खालसा करण्याचे नियम केले होते. एका अर्थी असे म्हणता येईल की मुंबई राज्याच्या सीमेलगत एकच सरंजाम ह्या नियमांच्या आवाक्याबाहेर राहिला होता. हे अर्थात कायद्याचे विधान नव्हे; परंतु कल्पनेस ते सुचल्यावाचून राहत नाही.

निकालाचे शिल्प आता पाहू. पहिला टप्पा मराठी कालखंडाचा. १७७९ चा तह वैधपणे झालाच नाही, हे भारताचे म्हणणे न्यायालयाने स्वीकारले नाही. मराठ्यांनी स्वतः त्याच्या बंधनकारकतेविषयी कधी शंका घेतली नव्हती. परंतु त्या तहाच्या निरनिराळ्या संहितांवरून सार्वभौमत्व देण्याचा हेतू निघत नाही, आणि सनदांतील शब्दांवरून तर केवळ जहागीर किंवा सरंजाम नावाचा महसुली हक्क दिल्याचे स्पष्ट होते, असे न्यायालयाने म्हटले. अशी देणगी म्हणजे सार्वभौमत्वाचे दान असे मानल्याचे एकही उदाहरण पुढे आलेले नाही, अशी पुष्टीही त्याने जोडली. दुसरा टप्पा इंग्रजी अमदानीचा. येथे परिस्थिती पालटली : ब्रिटिशांनी वस्तुतः व गर्भितार्थाने पोर्तुगीज सार्वभौमत्व मान्य केले आणि पुढे भारतानेही ते मूकपणे मान्य केले. त्यामुळे ही गावे भारतीय हद्दीने वेढलेला पोर्तुगीज प्रदेश ठरली. तिसरा टप्पा वाटेचा. खाजगी माणसे, मुलकी अधिकारी व सर्वसाधारण माल ह्यांची ये-जा सव्वाशे वर्षे निर्वेध चालली. दोनच राष्ट्रांत का होईना, ती रूढी झाली. हा हक्क अकरा विरुद्ध चार मतांनी मान्य झाला. सैन्य, सशस्त्र पोलीस व दारूगोळा यांना असा हक्क नाही, हे आठ विरुद्ध सात मतांनी ठरले. म्हणजे एका मताच्या फरकाने. आणि भारताने आपल्या नियमनाच्या अधिकाराबाहेर जाऊन काही केलेले नाही, कारण दादऱ्यातील घटनांनी भोवतालच्या प्रदेशात तणाव निर्माण झाला होता, हे नऊ विरुद्ध सहा मतांनी.

पहिल्या टप्प्याविषयी मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकास समाधान वाटणे स्वाभाविक आहे. एका परकी न्यायासनाने पेशवेकालीन संज्ञेस युरोपीय संज्ञेच्या साच्यात कोंबले नाही. तिचा त्या काळचा अर्थ विचारला आणि तोच प्रमाण मानला. माक्स ह्यूबर यांनी पाल्मास बेटाच्या १९२८ च्या निवाड्यात सांगितले होते की हक्काची उत्पत्ती त्या काळच्या कायद्याने पारखावी आणि हक्काचे पुढे टिकणे पुढच्या काळच्या कायद्याने. हेगच्या ह्या निकालात त्या विचाराचीच छाया दिसते.

दुसरा टप्पा मात्र आम्हास तितका भक्कम वाटत नाही. सार्वभौमत्व मौनातून निर्माण होऊ शकते, हे मान्य. पण कोणाच्या मौनातून? ब्रिटिशांनी जे गमावले ते हिंदुस्थानच्या लोकांच्या वतीने गमावण्याचा अधिकार त्यांना होता काय, हा प्रश्न न्यायालयापुढे त्या रूपात आला नाही, आणि १९६० च्या एप्रिलमध्ये कदाचित येऊही शकला नसता. अर्जेंटिनाचे न्यायमूर्ती मोरेनो किंताना यांनी आपल्या भिन्नमतपत्रिकेत वसाहतवाद टिकविणाऱ्या मागणीस निर्णायक पुराव्यावाचून पाठिंबा देणे हे राष्ट्रसंघाच्या सनदेशी विसंगत असल्याचे म्हटले. ते एकांड्याचे मत ठरले. त्याच वर्षाच्या १४ डिसेंबरला आमसभेने वसाहतींच्या स्वातंत्र्याचा १५१४ क्रमांकाचा ठराव केला आणि दुसऱ्याच दिवशीच्या ठरावात गोवा व त्याच्या अंकित प्रदेशांची गणना स्वयंशासित नसलेल्या मुलुखांत केली. आठ महिन्यांत भाषा बदलली. आणि ज्यांच्या भूमीविषयी हे सर्व चालले ते वारली, कोकणा, धोडिया शेतकरी ना १७८३ च्या सनदेत पक्षकार होते, ना १८७८ च्या तहात, ना हेगच्या दाव्यात.

तरीही न्यायालयाचे मधले उत्तर तडजोडीचे म्हणून हिणविणे बरोबर होणार नाही. सार्वभौमत्व मान्य, पण त्याच्या रक्षणासाठी शिपाई पाठविण्यास शेजाऱ्याची परवानगी हवी, ही स्थिती तर्कशास्त्रास खटकेल. पोर्तुगालच्या बाजूने मत देणाऱ्या न्यायमूर्तींस ती खटकलीही. हत्याराविना सत्ता कसली, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. परंतु इतिहासात ती स्थिती खरोखरच तशी होती. गोव्याच्या गव्हर्नर-जनरलने १८९० मध्ये ती स्वतःच्या लेखणीने कबूल केली होती. बोदँची अविभाज्य प्रभुसत्ता पुस्तकात राहिली, आणि दमण-सिल्वासा रस्त्यावर एक पदर पोर्तुगीजांचा, दुसरा इंग्रजांचा, असा जुना दुअंमली व्यवहारच नव्या नावाने चालू राहिला. आपल्याच काळातील तीन बिघ्याची पट्टी पाहा : १९९२ मध्ये बांगलादेशाच्या वापरासाठी ती कायम पट्ट्याने खुली झाली, पण स्वामित्व भारताकडेच ठेवून. असे करार करणारे मुत्सद्दी नानांच्या दप्तरात परके वाटले नसते.

निकालाने कोणास काय मिळाले, ह्याचे उत्तर त्या दिवशी दोन्ही राजधान्यांनी आपापल्या परीने दिले. पोर्तुगालला १९५४ पुरते सार्वभौमत्व मिळाले, परंतु ते पुन्हा प्रस्थापित करण्याची वाट मिळाली नाही. सिल्वासात मधल्या काळात वरिष्ठ पंचायत कारभार पाहत होती; तिने भारतात विलीन होण्याचा ठराव केला. विलीनीकरणाच्या करारावर सही करण्यासाठी कोणी राज्यप्रमुख हवा म्हणून के. जी. बदलानी ह्या भारतीय प्रशासकीय सेवेतील अधिकाऱ्यास एका दिवसापुरते त्या मुलुखाचे पंतप्रधान करण्यात आले. सार्वभौमत्वाच्या औपचारिकतेचा असा नमुना शोधूनही सापडणार नाही. राज्यघटनेच्या दहाव्या दुरुस्तीने ११ ऑगस्ट १९६१ पासून दादरा व नगर-हवेली भारतीय संघराज्याचा भाग झाली; डिसेंबरात गोवा, दमण व दीव मुक्त झाले. २६ जानेवारी २०२० पासून दादरा व नगर-हवेली आणि दमण व दीव मिळून एकच केंद्रशासित प्रदेश झालेला आहे. दमणहून सिल्वासास जाताना अजूनही मध्ये गुजरातची हद्द लागते.

लिस्बनमध्ये १९७४ च्या एप्रिलमध्ये क्रांती झाल्यावर त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला दिल्लीत जो तह झाला, त्यात पोर्तुगालने ह्या सर्व प्रदेशांवरील भारताचे पूर्ण सार्वभौमत्व मान्य केले. आणि ते भारतीय राज्यघटनेनुसार ते प्रदेश ज्या ज्या तारखांना भारताचे भाग झाले त्या त्या तारखांपासून मान्य केले. नगर-हवेलीच्या बाबतीत ती तारीख १९६१ च्या ऑगस्टची येते. हेगच्या निकालाप्रमाणे १९५४ च्या जुलैत सार्वभौमत्व पोर्तुगालचे होते. मधल्या सात वर्षांत, वरिष्ठ पंचायत सारा वसूल करीत होती तेव्हा, ते कोणाचे होते, हे ह्या दोन कागदांपैकी एकातही लिहिलेले नाही.